डावा चॅनल फाटलाय? आधी तो कुठे फाटला ते शोधा

गावोगावच्या संगीत सभांची रेकॉर्डिंगं साधारण एकाच पद्धतीने होतात. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून दोन वायरी निघतात, त्या एखाद्या छोट्या रेकॉर्डरमध्ये नाहीतर कॅमेऱ्यात जातात, आणि कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी हेडफोन लावतं तेव्हा कळतं की उजवी बाजू स्वच्छ आहे आणि डावी फाटलीय. आलाप ठीक असतो. तबला सुरू झाला की थोडी खरखर, आणि गवई तानेत शिरला की डावीकडे बंदिशीचे शब्दही कळेनासे होतात.

मग घाई सुरू होते. कुणी आवाज कमी करून बघतं, कुणी ईक्यूची, म्हणजे जाड-बारीक आवाजाचं प्रमाण बदलणारी बटणं फिरवतं, कुणी सॉफ्टवेअरमधलं ‘डीक्लिप’ (फाटलेला आवाज दुरुस्त करणारी सोय) लावून मोकळं होतं. यातलं एखादं कधीमधी लागूही पडतं, पण तो अंधारात मारलेला दगड. ‘आवाज फाटला’ या एकाच तक्रारीमागे पाच-सहा निरनिराळे बिघाड असू शकतात. त्यातल्या काहींवर पूर्ण इलाज आहे, काहींवर अर्धामुर्धा आणि काहींवर अजिबात नाही. त्यामुळे दुरुस्तीपेक्षा निदानावर जास्त वेळ घालवावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिली तपासणी अगदी बाळबोध आहे, तरी ती सगळेच विसरतात. सॉफ्टवेअरमध्ये डाव्या-उजव्या चॅनलची अदलाबदल करा. खरखर उजवीकडे गेली तर दोष फाइलमध्ये आहे. डावीकडेच राहिली तर तुमचा हेडफोन किंवा त्याचा जॅक खराब आहे, आणि पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

दोष फाइलमध्येच असेल, तर मूळ फाइलची एक प्रत काढून मूळ बाजूला ठेवा. आणि मूळ म्हणजे खरोखर रेकॉर्डरच्या कार्डावरची वेव्ह फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून फिरत आलेली नव्हे. ती वाटेत पुन्हा आवळली गेलेली असते, आणि निदानासाठी लागणाऱ्या खुणा त्या आवळण्यात पुसल्या जातात.

माथा कापला जातो म्हणजे नेमकं काय

डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजायची आणि लिहून ठेवायची. १६ बिटच्या फाइलमध्ये ही उंची उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढ्यातच बसते. लहर ४५,००० पर्यंत जाणार असेल तर तिथे लिहायला आकडाच नाही. मग ३२,७६७, ३२,७६७, ३२,७६७ असं ओळीने लिहिलं जातं. सह्याद्रीतल्या एखाद्या सुळक्याचा माथा छाटून त्याचं पठार करावं, तशी ती लहर वर सपाट होते. मीटरवर यालाच ० डीबी म्हणतात, आणि त्याच्या वर काही नाही. अ‍ॅनालॉग यंत्रांतही हेच घडतं, फक्त तिथे मर्यादा आकड्याची नसून सर्किटला मिळणाऱ्या व्होल्टेजची असते.

आवाज कमी करून उपयोग का होत नाही, ते यावरून कळेल. सपाट माथा खाली सरकतो, पण सपाटच राहतो.

आता हा सपाट माथा कानाला इतका का टोचतो? दोन्ही बाजूंनी सारखी छाटली गेलेली लहर स्वतःच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनं तयार करते. षड्ज २२० हर्ट्झचा असेल तर ६६०, ११००, १५४० अशी. एकट्या स्वराच्या बाबतीत हे फारसं खटकत नाही, कारण ही कंपनं गळ्यात मुळातच असतात. घोळ होतो तो दोन स्वर एकाच फाटलेल्या चॅनलमधून गेले की. समजा, तानपुऱ्याचा सा २२० हर्ट्झवर चालू आहे आणि गायिका शुद्ध रिषभावर आली, म्हणजे २४७.५ वर. छाटणीतून दोन नवे स्वर जन्मतात: सा दुप्पट करून त्यातून रे वजा केला तर १९२.५, आणि रे दुप्पट करून त्यातून सा वजा केला तर २७५. यातला १९२.५ मंद्र धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो, तो कुठल्याच स्वराचा नाही. २७५ हा मात्र चक्क शुद्ध गंधार आहे. राग काफी चालू असेल, तर कोमल गंधाराच्या रागात कुणी न गायलेला शुद्ध गंधार घुसला. म्हणूनच फाटलेलं शास्त्रीय गायन नुसतं कर्कश लागत नाही, बेसूर लागतं. रॉक संगीतात गिटार मुद्दाम फाडून वाजवतात आणि ती छान लागते. आपल्याकडे तानपुरा सतत चालू असल्यामुळे ती सोय नाही.

उलट बाजूची चूकही होते. तानपुऱ्याची जवारी म्हणजे बिघाड नव्हे. तार घोडीच्या वक्र पृष्ठभागावर घासत कंप पावते, त्यामुळे वरच्या कंपनांची ती झणझण तयार होते; चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच तंतुवाद्यांच्या या घोडीवर लिहिलं होतं. नवशिक्या माणसाला ही झणझण ऐकून डावा चॅनल ‘गेला’ असं वाटू शकतं. दोन्ही कानांत ती सारखी असेल तर निश्चिंत राहा. कार्यक्रमाच्या सुरुवातीचा, गायन सुरू होण्याआधीचा नुसत्या तानपुऱ्याचा तुकडा निदानाला फार मोलाचा असतो. तिथे दोन्ही बाजू सारख्या आणि पुढे तानेत डावी फाटते, म्हणजे बिघाड आवाजाच्या जोराशी बांधलेला आहे. तिथेच डावीकडे चरचर असेल, तर रोग वेगळा.

झूम करा, अजून करा

ऑडॅसिटीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. तबल्याचा एक ठसठशीत ‘धा’ शोधा आणि लहरीचे ठिपके, म्हणजे मोजलेली एकेक उंची, सुटे दिसेपर्यंत झूम करत जा. उजव्या चॅनलवर बायाँची (डग्ग्याची) रुंद, सावकाश उठणारी लाट दिसेल, आणि तिच्या अंगावर गळ्याच्या बारीक लहरी स्वार झालेल्या. डाव्या चॅनलवर हीच लाट वर चढताना तशीच दिसते, आणि मग माथ्यावर एक सरळ रेघ. रेघ संपली की पुन्हा दोन्ही चॅनल जुळतात.

ही रेघ कुठे आहे आणि कशी आहे, यात सगळी कहाणी असते.

रेघ बरोबर ० डीबीवर असेल तर गुन्हेगार रेकॉर्डर. त्याच्या डाव्या बाजूचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते माप, जास्त होतं. डाव्या-उजव्या गेनच्या चकत्या वेगवेगळ्या असलेल्या रेकॉर्डरवर खिशात ठेवता-काढताना एक चकती सरकते, हे नेहमीचं.

रेघ ० च्या बरीच खाली, समजा उणे ७ डीबीवर असेल, आणि प्रत्येक वेळी त्याच उंचीवर असेल, तर दोष रेकॉर्डरच्या आकडे लिहिणाऱ्या टप्प्यात नाही. त्या टप्प्यापर्यंत पोचायच्या आधीच आवाज छाटलेला होता: मिक्सरच्या चॅनलचा गेन, बिनतारी माईकचा ट्रान्समीटर, नाहीतर रेकॉर्डरचाच, माईकचा बारीक आवाज वाढवणारा प्री-अ‍ॅम्प. या शेवटच्याने बरेच जण गंडतात. मिक्सरच्या लाइन आउटचा, म्हणजे तयार आवाज बाहेर देणाऱ्या खाचेचा, व्यावसायिक दर्जा अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. माईकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. लाइनची वायर माईकच्या खाचेत घातली की शेकडो पट जास्त व्होल्टेज आत शिरतं. मग ऑपरेटर पुढची लेव्हल कमी करतो, मीटरचा लाल दिवा विझतो, सगळे खूश होतात, आणि आवाज फाटलेलाच राहतो. मीटर पुढच्या टप्प्याचा आहे, नुकसान मागच्या टप्प्यात झालंय.

रेघ सपाट नसून एका बाजूला उतरती असेल, तर छाटणीनंतर आवाज एखाद्या कपॅसिटरमधून, ट्रान्सफॉर्मरमधून किंवा खालची कंपनं कापणाऱ्या फिल्टरमधून गेलाय. म्हणजे पुन्हा मिक्सरच्या बाजूला बोट. रेघ फक्त वर किंवा फक्त खाली असेल, तर सर्किटची एक बाजू लंगडी आहे. बॅटरी उतरली असेल, किंवा कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून माईकला मिळणारा वीजपुरवठा) नीट पोचत नसेल, तर असं होऊ शकतं.

आणि रेघच कुठे सापडली नाही तर? तर ‘डीक्लिप’ला हात लावू नका, कारण छाटलेलं काहीच नाही. लहर मधेच कडा तुटल्यासारखी शून्यावर कोसळते आणि पुन्हा उठते, तीही हळू आवाजातसुद्धा, तर तो लूज कॉन्टॅक्ट. एक्सएलआरची (माईकच्या वायरीच्या टोकाची) पिन, सुटलेलं सोल्डरिंग, पायाखाली आलेली केबल. ‘फ’, ‘भ’, ‘ख’ आले की धप्प होत असेल, तर श्वासाचा झोत माईकवर आदळतोय. तिथे सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग तेवढ्याच जागी कापला की काम होतं. ठरावीक अंतराने टिक-टिक येत असेल, तर दोन डिजिटल यंत्रांची घड्याळं जुळलेली नाहीत. सलग घुं घुं असेल आणि ती ५०, १००, १५० हर्ट्झवर दिसत असेल, तर ती विजेच्या लाइनची.

एक बिघाड मात्र ऐकायला भयंकर आणि दुरुस्तीला सगळ्यात सोपा. हेडफोनवर गाणं कसंतरी पोकळ लागतं, आणि मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावलं तर गायक जवळजवळ गायबच! मिक्सरचं बॅलन्स्ड मोनो आउटपुट (एकच आवाज दोन तारांतून सुलटा-उलटा पाठवणारं) रेकॉर्डरच्या स्टीरिओ जॅकमध्ये गेलं की असं होतं. एकाच आवाजाची सुलटी प्रत डावीकडे आणि उलटी उजवीकडे बसते. दोन्ही एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. एका चॅनलवर ‘इन्व्हर्ट’ लावा. संपलं. फाइल पूर्ण बरी.

उपचार: आधी चांगल्या बाजूकडे बघा

डावा फाटला म्हटल्यावर सगळं लक्ष डाव्याकडे जातं. मी आधी उजव्याकडे बघतो. कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक हॉलमध्ये साउंडवाला मिक्स मोनोच करतो. डावीकडे आणि उजवीकडे एकच आवाज जातो, आणि तसं असेल तर तुमच्या हातात फाटलेल्या चॅनलची निरोगी प्रत तयारच आहे.

ते तपासायची एक छान रीत आहे. आलापाचा शांत भाग घ्या. डावा चॅनल उलटा करा आणि उजव्यात मिळवा. डाव्याची पातळी थोडी वरखाली करत राहा, उरलेला आवाज जास्तीत जास्त बारीक होईपर्यंत. आता त्याच मापावर तान लावून ऐका. दोन्ही चॅनल मुळात एकच असतील, तर गाणं वजा होऊन जातं आणि उरतो तो निव्वळ बिघाड: नुसती खरखर, मधे मधे, ‘धा’वर आणि तानेच्या टोकांवर. ते ऐकण्याजोगं असतं. अशा वेळी डावा चॅनल फेकून द्या आणि उजवाच दोन्हीकडे ठेवा. स्टीरिओ मुळात नव्हतंच, त्यामुळे गमावलं काहीच नाही.

पण वजाबाकीत तबला किंवा पेटी शिल्लक राहिली, तर दोन्ही बाजूंना वेगळं मिश्रण आहे. मग ठरवावं लागतं. फक्त फाटलेल्या जागी उजवा आणून बसवला, तर तेवढ्या क्षणापुरता गवई मधून उडी मारून दुसरीकडे बसल्यासारखा वाटतो, आणि हे प्रत्येक तानेला झालं तर श्रोता वैतागतो. दोन-चारच जागा असतील तर जोडावर १०-२० मिलिसेकंदांचा हलका उतार देऊन चालवून घ्यावं. जागा फार असतील तर सगळंच मोनो करावं. स्वच्छ मोनो हे फाटक्या स्टीरिओपेक्षा केव्हाही बरं. या बाबतीत मी हट्टी आहे.

दोन चॅनल म्हणजे मंचासमोर लांब-लांब ठेवलेले दोन माईक असतील, तर आणखी एक अडचण. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतराला जवळजवळ ३ मिलिसेकंद उशीर. ४८,००० च्या फाइलमध्ये हे साधारण १४० ठिपके झाले. ते न जुळवता एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळला, तर काही स्वर वाढतात, काही बुडतात, आणि तुम्ही एका बिघाडावर दुसरा चढवता.

डीक्लिप काय करू शकतो, काय नाही

उजवी बाजू उपयोगाची नसेल तर छाटलेले माथे पुन्हा बांधायचे. तत्त्व सरळ आहे: रेघेच्या आधी लहर किती तीव्रपणे चढत होती आणि रेघेनंतर किती तीव्रपणे उतरते आहे, हे बघून मधला बाक अंदाजाने काढायचा. ऑडॅसिटीतलं ‘क्लिप फिक्स’ हेच करतं. पैसे टाकून घेतलेली सॉफ्टवेअर आजूबाजूच्या लहरींचा जास्त खोल अभ्यास करून अंदाज बांधतात.

क्रम महत्त्वाचा. आधी फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे ० डीबीच्या वरच्या उंचीही लिहिता येतात अशा स्वरूपात, उघडा आणि नव्या माथ्यांना जागा मिळावी म्हणून पातळी ६ ते ९ डीबी खाली घ्या, नाहीतर बांधलेला माथा निर्यात करताना पुन्हा छाटला जाईल. स्टीरिओ ट्रॅक दुभंगून फक्त डाव्यावर काम करा. उंबरठा, म्हणजे ज्याच्या वरचं सगळं छाटलेलं मानायचं ती उंची, रेघेच्या किंचित खाली ठेवा. फार खाली नेला तर धडधाकट माथेही फुगतात. ईक्यू, विजेची घुं घुं काढणं, लेव्हल वाढवणं हे सगळं यानंतर. आधी फिल्टर लावला की सपाट रेघ तिरपी होते, आणि मग सॉफ्टवेअरला ती छाटलेली आहे हेच ओळखता येत नाही. एमपीथ्रीमध्येही सपाट माथ्यावर सुरकुत्या पडतात, म्हणून सुरुवातीलाच मूळ फाइलचा आग्रह धरला.

अपेक्षा किती ठेवायची? ठिपके मोजा. रेघ चार-पाच ठिपक्यांची असेल, म्हणजे ४८,००० च्या फाइलमध्ये सुमारे ०.१ मिलिसेकंद, तर दुरुस्ती इतकी बेमालूम होते की सांगितल्याशिवाय कळत नाही. पण बायाँची लाट १०० हर्ट्झची असेल तर तिचं एक आवर्तन ४८० ठिपक्यांचं. त्यातले शंभर ठिपके सपाट झाले असतील, तर सॉफ्टवेअर बायाँचा बाक ठीक काढेल. त्या शंभर ठिपक्यांत लाटेवर स्वार असलेला गळा मात्र गेला. तो कुठे लिहिलेलाच नाही. म्हणून दुरुस्तीनंतर तबला छान ऐकू येतो आणि गायकाचा आवाज प्रत्येक ‘धा’ला किंचित थरथरतो. हे दिसलं की पुन्हा पुन्हा डीक्लिप चालवून काही साधत नाही.

उरलेली चरचर बहुधा ३ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असते. तिथे दोन-तीन डीबी उतरवा, तेही फक्त फाटलेल्या जागी. सरसकट उतरवलं तर जवारी मरते, आणि तानपुरा मेलेलं रेकॉर्डिंग फाटलेल्यापेक्षा जास्त ओकंबोकं लागतं.

अगदीच हाताबाहेर गेलेला भाग असेल तर श्रोत्यांत चौकशी करा. पहिल्या-दुसऱ्या रांगेत कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलंच असतं. त्याचा आवाज लांबचा असतो, पण फाटलेल्या तानेखाली हळूच मिसळायला पुरतो. फक्त दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० एवढा बारीक फरकही तासाभरात ०.१८ सेकंदाचा होतो, आणि द्रुत तीनतालात एवढ्याने मात्रा चुकते. म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या एकेका ठळक बोलावर फाइल जुळवा आणि मधली लांबी ताणून किंवा दाबून घ्या.

घरोघरी असलेल्या जुन्या बैठकींच्या कॅसेटचा मामला वेगळा. तिथे डावीच बाजू जास्त वेळा खराब का निघते? कॅसेटची टेप ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि डाव्या चॅनलची पट्टी तिच्या अगदी कडेला. कड दुमडली, घासली की आधी डावा जातो. शिवाय टेप छाटत नाही, हळूहळू दाबत नेते. सपाट रेघ मिळत नाही आणि डीक्लिप तिथे कामाचा नाही. कॉम्प्युटरकडे वळण्याआधी प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेडचा कोन जुळवून घ्या आणि कॅसेट पुन्हा उतरवा. कित्येकदा निम्मा आजार तिथेच जातो.

पुढच्या वेळी

ख्यालाच्या मैफलीत गेन आलापावर लावला जातो, आणि घात तिथेच होतो. साउंड टेस्टला गवई दोन ओळी गुणगुणतो, तबलजी शाईवर दोन टिचक्या मारतो. द्रुतात हेच दोघे कितीतरी वर जातात. टेस्टला सगळ्यात मोठी तान आणि खणखणीत ‘धा’ मुद्दाम मागून घ्या, आणि तेव्हाही मीटर उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर एवढं खाली राहिल्याने गुणवत्तेला धक्का लागत नाही. काही रेकॉर्डर त्याच वेळी कमी पातळीची दुसरी प्रतही ठेवतात. ती सोय असेल तर चालू करा.

३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आल्यापासून ‘आता गेनची काळजीच नको’ असं ऐकू येतं. ते खरं आहे, पण त्या रेकॉर्डरच्या आतपुरतं. मिक्सरने किंवा बिनतारी माईकने आधीच छाटून पाठवलेला आवाज तो तसाच, अगदी इमानाने, छाटलेला नोंदवतो. मिक्सरवरच्या त्या चॅनलचा लाल दिवा तानेत लुकलुकतोय का, ते साउंडवाल्याशेजारी उभं राहून बघा. लुकलुकत असेल तर त्याला फेडर (बाहेर जाणारा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) नव्हे, गेन खाली घ्यायला सांगा. आणि स्वतःच्या रेकॉर्डरच्या दोन्ही चकत्यांवर चिकटपट्टी लावून टाका.